तासगावहून आलेलं ‘परंतु’

गोडोली, सातारा
शनिवार, १४ मार्च १९९८

तीर्थरूप तात्यांच्या चरणी धाकट्या रंगरावाचा साष्टांग दंडवत. (दंडवत मनातल्या मनात. उजवा गुडघा सध्या खाली जातो, पण वर यायला कबूल होत नाही. तो कशाने दुखावला ते पुढे येईलच.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, आणि हे वाक्य आज मी रीत म्हणून लिहीत नाही, खरोखरच खुशाल आहोत. तुमचा खोकला कसा आहे? अंबूवहिनींनी रानात वाकून काम करणं बंद केलं का? केलं नसणारच, त्यांना सांगून कोण ऐकवणार. विहिरीला पाणी किती राहिलंय आणि म्हैस व्याली का, तेही सवडीने कळवा.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. हे पत्र हातात पडल्यावर दुसरं कुठलंही पत्र उघडू नका, सायकलला हात लावू नका, कुणाच्या घरी जाऊ नका. आधी हे पूर्ण वाचा. तुमची सवय मला ठाऊक आहे. तुम्ही पत्राची सुरुवात वाचता आणि बाकीचं वहिनींना ‘तू वाच आणि काय ते सांग’ म्हणून देता. ह्या खेपेला तसं करू नका, तुम्हाला आपल्या आईची शपथ आहे.

तर आमच्या संयोगिताच्या स्थळाची हकीकत. तासगावचे लालासाहेब, त्यांच्या सौभाग्यवती शालूबाई आणि मुलगा वीरधवल असे तिघं गेल्या आठवड्यात तिला बघून गेले. (तुम्ही येणार होता. ज्वारीची काढणी निघाली म्हणून आला नाहीत. ते मी विसरलो आहे, म्हणजे विसरायचा प्रयत्न करतो आहे.) माणसं खाऊनपिऊन सुखी, द्राक्षबाग आहे, बेदाण्याची शेड आहे. मुलगा शेतकी शिकलेला, बोलायला शांत. मी एकाहत्तरच्या लढाईची हकीकत सांगत असताना त्याने एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही, असा माणूस मला नोकरीत आणि नोकरीनंतर हा पहिलाच भेटला. मला तो तिथेच पसंत पडला. अनसूयालाही पडला, पण तिचं कारण वेगळं. त्याने चहाची कपबशी स्वतः उचलून मोरीपाशी नेऊन ठेवली म्हणे. उठताना लालासाहेब म्हणाले, ‘पाव्हणं, घरात बोलतो आन कळवतो.’ कसं कळवणार, इथूनच सगळी भानगड सुरू झाली.

आमच्या घरी टेलिफोन नाही, अर्ज केलेला आहे आणि तो अर्ज अजून अर्जच आहे. लालासाहेबांचा फोन तासगावातल्या दुकानात. तिथे गिऱ्हाइकं, हमाल, अडते अशी सतरा माणसं बसलेली. त्यांच्यासमोर दुसऱ्याच्या लेकीबद्दल बोलायचं नाही, हे त्यांचं म्हणणं मलाही पटलं. तेवढ्यात माझ्या कमरेच्या पेजरकडे त्यांचं लक्ष गेलं. वीरधवलकडेही बेदाण्याच्या व्यापारासाठी त्याच कंपनीचा पेजर होता. पोरगा दुसऱ्या दिवशी माल घेऊन वाशीच्या बाजारात जाणार होता, पेजर वडलांकडे ठेवून. मग काय, निरोप पेजरवर टाकायचा ठरलं. माझी तर छाती फुगली. फौजेच्या सिग्नलमध्ये उभी हयात घालवलेल्या सुभेदाराच्या लेकीचं लग्न बिनतारी यंत्रावर जमणार, ह्याहून शोभेची गोष्ट कोणती?

पेजर म्हणजे काय हे मी तुम्हाला दिवाळीत समजावून सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही ‘म्हणजे तारच, पण कमरेला’ एवढंच म्हणाला होता. मला तेव्हा राग आला होता, पण बोललात ते बरोबर होतं. निरोप टाकणाऱ्याने टेलिफोनच्या बूथवर जायचं, सांगलीच्या ऑफिसात फोन लावायचा. तिथली मुलगी (मयूरी तिचं नाव, आता घरच्यासारखी झाली आहे) निरोप लिहून घेते आणि इंग्रजी अक्षरांत मराठी करून हवेत सोडून देते. मग ज्याचा त्याच्या कमरेला वाजतो. फरक एवढाच की तारवाला सही घेऊन जातो आणि पेजर सही घेत नाही. निरोप पोचला, वाटेत सांडला की अर्धा पोचला, हे पाठवणाऱ्याला कळायची सोय त्यात नाही. शिवाय एका निरोपात अक्षरं मावतात मोजकी. जास्त झाली तर मयूरी त्याचे तुकडे करून एकामागून एक सोडते.

त्यातून आमची गोडोली किल्ल्याच्या पायथ्याशी. घरात रेंज नाही, अंगणात नाही, गच्ची नाहीच. सगळं घर पालथं घालून मी शोध लावला की न्हाणीघरावरच्या सिमेंटच्या टाकीवर, किल्ल्याकडे पाठ करून बसलं, की रेंज येते. तेव्हापासून मी टाकीवर राहायला गेलो. सकाळचा चहा टाकीवर, पेपर टाकीवर, डोक्यावर छत्री. शेजारच्या दगडाबाईंनी अनसूयाला विचारलं, भांडण झालंय का? अनसूया म्हणाली, अजून नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना पेजर वाजला. वाचलं: ‘राजमान्य राजेश्री सुभेदारसाहेब यांसी लालासाहेब यांचा सप्रेम रामराम विनंती विशेष. आम्ही सर्व मंडळी सुखरूप पोचलो. वाटेत कऱ्हाडला चहा घेतला. आपली प्रकृती’. संपला. पहिला तुकडा संपला तो माझ्या प्रकृतीपाशी. पत्र लिहावं तसं सांगितलं होतं त्यांनी, अगदी मायना घालून. (त्यांना तरी काय बोल लावायचा? मुलीच्या बापाला रामराम न घालता एकदम मुद्द्यावर यायचं, हे आपल्याकडे कुणाला जमणार?) थोड्या वेळाने दुसरा तुकडा आला: ‘उत्तम असेलच. आपला पाहुणचार सर्वांना आवडला. घर साधे व मायेचे वाटले. मुलगी सर्वांच्या मनास आली. परंतु’.

बस. परंतु.

मी पेजर हलवला, उलटा धरला, छत्री मिटून हात उंच केला. काही नाही. मग असा संताप आला की मी शिडीवरून तरातरा उतरलो आणि स्वयंपाकघरात जाऊन अनसूयाच्या नाकासमोर पेजर नाचवत म्हणालो, बघ, मनास आली म्हणे, परंतु! आता तुम्हीच बघा, मी स्वयंपाकघरात, म्हणजे जिथे रेंजचा वारासुद्धा येत नाही अशा जागी उभा राहून ओरडत होतो, आणि तिसरा तुकडा नेमका त्याच वेळी रिकाम्या टाकीवरून निघून गेला असणार. हे मला आता कळतं. तेव्हा मी नुसता ओरडत होतो.

परंतुच्या पुढे काय असेल ह्याचा विचार करण्यात माझी झोप उडाली. मुलगी मनास आली, परंतु उंची जरा कमी. परंतु पत्रिका जुळत नाही. परंतु बी. एड. झालेली सून घरात कशी खपायची. परंतु मुलीचा बाप फार बोलतो. (हे शेवटचं अनसूयाने सुचवलं.) माणूस थेट ‘नाही’ म्हणाला तर दोन दिवस वाईट वाटून सुटतो, पण परंतुने धड सुटताही येत नाही. आणि ही कंपनी तर काय, निरोप पोचला नसेल तर म्हणून तोच तुकडा पुन्हा पुन्हा सोडते. मारुतीच्या देवळात प्रदक्षिणा घालताना वाजला, धावत उघड्यावर येऊन बघतो तर परंतु. टाकीवर दाढी करताना वाजला, परंतु. एकदा टाकीवरून खाली उतरत होतो, अर्ध्या शिडीवर वाजला, घाईने बघायला गेलो तो पाय सटकला, आणि गुडघ्याची जी अवस्था झाली ती वर कळवलीच आहे. त्याही वेळी परंतुच होतं. तिसरा तुकडा तेवढा कधी परत आला नाही.

अनसूयाचं म्हणणं एकच, ‘पुढं काय ते इचारा की सरळ.’ पण तात्या, असं विचारतात का? आपल्यात मुलीकडच्यांनी उत्तर मागायचं नसतं. उतावळेपणा दिसला की पाहुणे म्हणणार, मुलीत काही खोट असेल म्हणून घाई चाललीय. उत्तर आलं नाही म्हणजे नकार, हे आपण समजून घ्यायचं आणि पुढचं स्थळ बघायचं. तुम्हीच मला शिकवलंय हे. पण नुसतं गप्प बसणंही मला जमेना. सिग्नलमध्ये नियम असा की निरोप कानावर पडला की ‘मिळाला’ म्हणून कळवायचं, मग तो निरोप दुश्मनाचा का असेना. म्हणून मी ताठ मानेने बूथवर गेलो आणि निरोप टाकला: ‘आपला निरोप मिळाला. सुभेदार.’ जास्त एक अक्षर नाही. मला वाटलं, काय अब्रूने वागलो.

आता पलीकडे काय झालं ते ऐका (हे मला गुरुवारी कळलं, पण इथेच सांगितलेलं बरं). लालासाहेबांनी तिसऱ्या तुकड्यात मला एक प्रश्न विचारला होता. अगदी जिव्हाळ्याचा. त्या प्रश्नाला उत्तर म्हणून त्यांना मिळालं काय, तर ‘निरोप मिळाला’. हो नाही, ना नाही, नुसतं मिळाला. लालासाहेब बेदाण्याच्या शेडवर ट्रॉलीत उभे राहून (त्यांच्याकडे रेंज फक्त ट्रॉलीत उभं राहिलं की येते) ते वाचत होते. त्यांनी डोक्याचा फेटा काढून परत बांधला म्हणे. सुभेदाराला स्थळ नको आहे, पण तोंडाने बोलवत नाही, असा त्यांनी अर्थ लावला. तेही मानी गडी. विचारायचं तर तेही विचारीनात. त्यांनी उलट निरोप टाकला: ‘आपणास निरोप मिळाल्याचे समजले. लालासाहेब.’

मी वाचलं आणि म्हटलं, अस्सं! परंतुच्या पुढचं बोलायचं नाही आणि वरून समजले म्हणे. पण रीत ती रीत. मी टाकला: ‘समजल्याचे समजले.’ त्यांचा आला: ‘आभारी आहे.’ मी: ‘आम्हीही आभारी आहोत.’ ते: ‘नमस्कार.’ मी: ‘नमस्कार पोचला.’ ते: ‘पोचल्याचे वाचून आनंद झाला.’ कुणी थांबायचं? जो थांबेल तो उर्मट ठरणार, म्हणून कुणीच थांबेना, आणि प्रत्येक निरोपागणिक आम्ही एकमेकांपासून हातभर लांब जात होतो. शेवटी ती मयूरी कंटाळली. म्हणाली, ‘काका, तुमचं त्यांना मिळालंय, त्यांचं तुम्हाला मिळालंय, आता जरा लाईन दुसऱ्यांना द्या की.’ मी तिला म्हटलं, पोरी, तुझं लग्न ठरेल तेव्हा तुला कळेल. ती म्हणाली, ‘माझं ठरलंय काका, शेजारच्याच गल्लीत. पेजर नाही लागला.’

हे सगळं हसण्यावारी नेतोय मी आज. तेव्हा हसू नव्हतं. संयोगिता रोज शाळेतून आली की चहाचा पेला घेऊन टाकीखाली यायची. पेला वर द्यायची आणि वर बघायची. तोंडाने काही विचारायची नाही. मी मान हलवायचो, ती आत जायची. लहानपणी मी सुट्टी संपवून पलटणीत निघालो की फाटकाशी अशीच उभी राहायची, न रडता. मला त्या वर बघण्याची फार भीती वाटायला लागली होती. जेवण कमी झालं होतं तिचं. तपासायच्या वह्यांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसायची आणि वही एकच, तासभर. पोरीचं मन तिकडे गेलंय हे आंधळ्यालाही दिसलं असतं, आणि माझ्या हातात तिला द्यायला होतं काय, तर परंतु. मग मंगळवारी तो पेजरही गप्प झाला. नमस्कार नाही, आभार नाही, काही नाही. मी टाकीवर बसून राहिलो आणि मनाशी म्हटलं, संपलं.

बुधवारचा माझा दिवस फार वाईट गेला. त्या दिवशी मी काय काय केलं ते इथे लिहीत नाही, त्यातलं एक खाली लिहिणार आहे. रात्री अनसूयाने ताट पुढे ठेवलं आणि पहिल्यांदा आवाज चढवला. म्हणाली, ‘रीत राहू द्या तुमची. पोर वाळाया लागलीया. उद्या उठायचं आन तासगावला जायाचं. न्हाई म्हनत्यात तर तोंडावर म्हनू द्यात.’ चोवीस वर्षं सुभेदारीण म्हणून शुद्ध बोलणारी बाई रागावली की तिच्या माहेरचं बोलू लागते आणि मग ऐकावंच लागतं.

गुरुवारी सकाळी बूथवरून निरोप टाकला, ‘मी समक्ष तासगावी येत आहे’, आणि लंगडत एसटीत बसलो. वाटेत मनात भाषण तयार करत होतो. लालासाहेब, आम्ही गरीब असू, पण परंतु ऐकून घेणारे नाही, असं त्याचं पहिलं वाक्य होतं. कऱ्हाडला गाडी बदलायची होती. स्टँडवर उतरलो, चहा घ्यावा म्हणून कॅन्टीनकडे वळलो, तर समोर कोण? लालासाहेब! आणि शेजारी बाकावर शालूबाई, मांडीवर द्राक्षांची करंडी, पदर डोक्यावर. ते आमच्याकडेच निघाले होते, कऱ्हाडलाच गाडी बदलायला उतरले होते.

आता तुम्ही म्हणाल, मग लगेच बोलणं झालं असेल. छे! मी म्हटलं, रामराम. ते म्हणाले, रामराम. मी म्हटलं, ऊन वाढलं. ते म्हणाले, बेदाण्याला बरं असतंय. मी म्हटलं, गाडीला गर्दी होती का? ते म्हणाले, व्हय, जरा हुती. कुठे निघालात हे मी विचारेना आणि तेही विचारीनात. (काय सांगावं, दुसऱ्याच कुणाची मुलगी बघायला साताऱ्याला निघाले असतील, असं माझ्या मनात येऊन गेलं.) चहा संपला, आम्ही दोघंही बशीतला थेंब बघत उभे. आणि तेवढ्यात, तात्या, दोघांचेही पेजर एकदम वाजले! कऱ्हाडला रेंज कशी खणखणीत. मी माझा वाचला: ‘आम्ही उभयता साताऱ्यास निघालो आहोत. लालासाहेब.’ त्यांनी त्यांचा, म्हणजे माझा सकाळचा निरोप, वाचला. निरोप पोचल्याचं कळवायचं कुणाला आणि कसं, हेच सुचेना.

शालूबाईंनी मात्र मालकांना विचारलं, काय लिवलंय? त्यांनी सांगितलं. तशी बाई करंडी खाली ठेवून उठल्या. ‘येतूय म्हनून लिवलंय? आवं, दोगंबी हितं म्होरंम्होरं हुबं हायसा की! ठिवा ती डबडी खिशात.’ मग माझ्याकडे वळल्या. ‘सुभेदार, येवढंच सांगा. पोरीला इचारलं का न्हाई? आमी इचारलंवतं, आन तुमचं आपलं मिळालं, मिळालं. काय मिळालं?’

मी म्हटलं, वहिनी, तुम्ही कधी काय विचारलंत? मला तर परंतुच्या पुढे एक अक्षर आलेलं नाही. लालासाहेबांनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं, खोटं बोलतोय का बघायला. मी पेजर त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचलं. मग खाली बसले आणि आपल्या निरोपाचा तिसरा तुकडा त्यांनी मला तोंडाने सांगितला, पाठच झाला होता बिचाऱ्यांना: ‘परंतु आपल्या मुलीस आमचा मुलगा मनापासून पसंत आहे किंवा कसे, हे तिलाच विचारून कळवावे. तिची इच्छा असेल तरच पुढचे बोलू. भीड धरू नये.’

तात्या, एवढंच होतं हो परंतुच्या पुढे. शालूबाई म्हणाल्या, ‘मला कुनी इचारलं न्हवतं. बोहल्यावर हुबं केल्यावर ह्यांचं त्वांड बघितलं. बरं निगालं ह्ये माजं नशीब. पर दुसऱ्याच्या लेकीचं तसं करायचं न्हाई, असं मी कवाच ठरवून ठेवलंया.’ लालासाहेब दुसरीकडे बघायला लागले. ज्या परंतुला मी जाता येता शिव्या घातल्या, ते कुणाच्या तरी आईने माझ्या लेकीसाठी घातलेलं होतं. आणि लाजेची गोष्ट अशी की ह्या सगळ्या दिवसांत मी टाकीवर चढलो, बूथवर गेलो, गुडघा फोडून घेतला, सांगलीच्या मयूरीशी बोललो, पण ज्या पोरीचं लग्न तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं. ती तर रोज टाकीखाली येऊन उभी राहत होती.

साताऱ्याच्या गाडीत आम्ही तिघं एकाच बाकड्यावर बसून आलो. करंडी मी मांडीवर घेतली. घरी पोचलो तर संयोगिता नुकतीच शाळेतून आलेली, हाताला खडू तसाच. पाहुण्यांना बघून ती दारातच थबकली. शालूबाई मला म्हणाल्या, तुमीच इचारा, बापानं इचारलेलं बरं. मी तिला मागे घेऊन गेलो, त्याच टाकीखाली. पलटणीपुढे बोललेला माणूस मी. कसंबसं म्हटलं, संयू, तुला तो मुलगा... तिने मला वाक्य पुरं करू दिलं नाही. म्हणाली, ‘हो आबा. मला पसंत आहे. पहिल्याच दिवशी विचारलं असतंत तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. टाकीवर चढायचं काय काम होतं?’ आणि हसली, आणि डोळ्यांना पाणी. माझंही तेच झालं. खडूचे हात तिने माझ्या सदऱ्याला पुसले, तो सदरा मी अजून धुवायला टाकलेला नाही.

तात्या, छातीवरचा धोंडा उतरला. काल दुपारी मी जेवून पलंगावर आडवा झालो तो दिवेलागणीलाच उठलो, टाकीची आठवणही झाली नाही. घरात द्राक्षं इतकी आहेत की दगडाबाईंच्या घरीही वाटी गेली. भांडण मिटलं ना, असं त्यांनी विचारलं. साखरपुडा पाडव्यानंतर करायचा, इथेच, साताऱ्याला. देण्याघेण्याचं लालासाहेबांनी बोलूच दिलं नाही. तुम्ही वडीलधारे, तुमच्याशिवाय नारळ फुटायचा नाही. वहिनींना घेऊन दोन दिवस आधी या. ज्वारीची काढणी आता झाली असेल, त्यामुळे सबब राहिलेली नाही.

बाकी सगळं प्रत्यक्ष भेटीत. थोरांना पाया पडणं, धाकट्यांना पाठीवर हात, आणि म्हशीला तुम्हाला योग्य वाटेल ते.

आपला,
रंगराव

ता. क. आता ते बुधवारचं. पेजर गप्प झाला आणि माझं डोकं फिरलं, तेव्हा मी तुम्हाला एक पत्र लिहिलं आणि लगोलग पेटीत टाकलं. त्यात, ‘तासगावकर गेले उडत, तुम्ही म्हणत होता त्या दहिवडीच्या पाहुण्यांना आजच्या आज जाऊन आमचा होकार कळवा’ असं आहे. आणखीही बरंच आहे, वहिनींनी वाचू नये असं. तात्या, ते पत्र आलं नसेल तर आल्यावर न उघडता चुलीत घाला. आलं असेल तर ते आलेलंच नाही असं समजा. आणि तुम्ही दहिवडीला जाऊन आला असाल, तर... तर काय करायचं ते मला सुचत नाही. एका मुलीला दोन नवरे ऐन साखरपुड्यात समोरासमोर यायचे. संयूला ह्यातलं काही माहीत नाही. खरं म्हणजे एवढ्याचसाठी हे पत्र लिहायला बसलो, बाकीचं लिहिता लिहिता लांबलं.

ता. क. २. पोस्टाच्या पत्राच्या आधी हे पोचावं म्हणून वडूजच्या गाडीच्या कंडक्टरकडे, बिराप्पाकडे देतोय. तो तुमच्या हातात देईल आणि पोच म्हणून तुमची सही मागेल. सही करा. आता माझा बिनसहीच्या निरोपावर विश्वास राहिलेला नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात टाकीवर पेजर वाजला. (हल्ली तो टाकीवरच दोरीने बांधून ठेवलाय, मी खाली असतो.) गुडघा धरत वर गेलो. तुमचा निरोप! ज्या डबड्याला तुम्ही नावं ठेवलीत, त्याचा नंबर माझ्या पत्रांवरून शोधून वडूजच्या बूथवर गेलात, नमस्कार नाही, चमत्कार नाही, सगळा मजकूर एका तुकड्यात बसवलात: ‘बुधवारचे पत्र मिळाले. कुठेही गेलो नाही. पोरीला विचारलेस का? तात्या.’

विचारलं, तात्या. हो म्हणाली.

पोच कळवू नका. या.